जल्लूलचं नाक

आमच्या हवारिया गावात कुणालाही विचारा, जल्लूलचं नाक ठाऊक नाही असा माणूस सापडायचा नाही. तसं ते दिसायला काही खास नव्हतं. मधोमध उंचवटा असलेलं, उन्हानं कायम सोललेलं. पण त्या नाकाला म्हणे शिकऱ्यांचा वास यायचा.

मार्च लागला की आमच्याकडे दक्षिणेतून पाखरांची रीघ सुरू होते. इथून पुढे जमीन नाही, समुद्रच आहे, त्यामुळे पलीकडे जाणारं प्रत्येक पाखरू आधी आमच्या डोक्यावरून जातं. त्यांत शिकरे असतात, बाजाच्या कुळातले लहान शिकारी. गावचे बाजदार डोंगरावर जाळी लावून शिकऱ्याच्या माद्या धरतात, मुठीवर बसवून कॉफीच्या दुकानात नेतात, माणसांच्या गलक्याची सवय लावतात, मेमध्ये त्यांच्याकडून शेतातल्या लाव्यांची शिकार करून घेतात आणि उन्हाळा तापला की सोडून देतात. डोंगरावर चढायला शिकऱ्यांना दोन वाटा, पूर्वेची खिंड आणि पश्चिमेची घळ. कुठल्या दिवशी कुठली, ते वाऱ्यावर ठरतं. दगडाआड दबा धरून बसलेल्या बाजदाराला खालचं मैदान दिसत नाही, गावातल्या गच्च्या तेवढ्या दिसतात. जाळं चुकीच्या जागी लावलं की दिवस पाण्यात.

जल्लूल चुकायचा नाही. मंडळी डोंगराच्या खांद्यावर जमली की तो एका खडकावर चढायचा, गावाकडे तोंड करायचा, डोळे बारीक करून नाक वर उचलायचा आणि दोनदा सूं सूं करून म्हणायचा, "घळीत चला." मंडळी घळीत जायची आणि शिकरे घळीतूनच यायचे. बाहेरगावचे बाजदार हे नाक बघायला येऊन गेलेत.

आता खरं सांगायचं तर ते नाक म्हणजे जल्लूलची धाकटी बहीण मन्नूबिया.

मन्नूबियाचं लग्न झालं नाही. भावाच्या घरावर गच्चीत एक खोली होती, तिथं ती राहायची आणि लोकांच्या गाद्यांची लोकर धुऊन, पिंजून द्यायची. ठेंगणी, गोल, हात कायम लोकरीच्या तेलानं मऊ. गच्ची गावाच्या पार दक्षिण टोकाला, समोर सगळं मैदान उघडं. जवाची शेतं, पंपाशेजारचे निलगिरी, लांबवर मिठागराची पांढरी रेघ. लोकर वाळत घालता घालता वर बघायची सवय तिला लहानपणीच लागली. दुर्बीण तिनं कधी हातात धरली नाही. डोळ्यांवर आडवा हात धरला की तिचं भागायचं. घार शेपूट वळवत येते, करकोचे भोवऱ्यासारखे गोल गोल चढतात, मधुबाज पंख सपाट धरून तरंगतात, आणि शिकरा जमिनीलगत येतो, चार-पाचदा फडफड करून मग घसरत जातो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

जल्लूल तरुणपणी अगदीच बावळट बाजदार होता. गडी त्याची टर उडवायचे. एका संध्याकाळी तो तोंड पाडून बसलेला बघून ती म्हणाली, "तू खिंडीत कशाला गेलास? आज सगळे पश्चिमेकडून गेले. मी इथून बघत होते की."

"मग मला सांगायचंस ना!"

"कसं सांगू? बोंब ठोकू गच्चीवरून?"

त्यातून ते ठरलं. आईनं विणलेलं लाल पांघरूण होतं. डोंगराकडच्या कठड्यावर तिनं ते आपल्या उजव्या कोपऱ्यात टाकलं की खिंड, डाव्या कोपऱ्यात टाकलं की घळ. लोकरवालीच्या गच्चीवर पांघरूण दिसलं तर कोण कशाला वळून बघतोय! बाईच्या सांगण्यावरून जाळं लावतो म्हटलं असतं तर कॉफीच्या दुकानात जल्लूलला बसू दिलं नसतं कुणी, म्हणून हे कुणाला सांगायचं नाही असंही ठरलं. नाक ही त्याची स्वतःची भर. हळूहळू त्याला ते नाटक इतकं जमलं की बायकोलाही, म्हणजे बेयालाही, नवऱ्याच्या नाकाचा अभिमान वाटायला लागला.

मन्नूबियाला त्यात काही गमावल्यासारखं वाटलं नाही, कारण तिला संध्याकाळ मिळायची. जल्लूल मुठीवर शिकरा घेऊन जिना चढून वर यायचा, उपड्या घातलेल्या घंगाळावर बसायचा आणि म्हणायचा, "बोल, काय काय गेलं आज?" मग ती सांगायची. करकोचे किती वेळ घुटमळले, वारा कधी फिरला, वेडे राघू कसे आवाज आधी आणि अंग मागून असे आले. तो ऐकायचा. मध्ये बोलायचा नाही. दिवसभर कुणीतरी डोंगरावरून आपल्या गच्चीकडे डोळे लावून बसलंय आणि संध्याकाळी आपलं ऐकायला येणार आहे, यावर तिचं सगळं आयुष्य उभं होतं. एकदा केलिबिया गावच्या एका कोळ्याचं स्थळ आलं होतं. माणूस बरा होता, घरही पक्कं. पण घराच्या चारी बाजूंना उंच घरं. मन्नूबिया नाही म्हणाली. आईनं कपाळ बडवून घेतलं. सुटकेचा निःश्वास मात्र जल्लूलनंच सगळ्यांत मोठा टाकला असणार. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, पण तेवढं म्हणायला हरकत नाही.

हिवाळ्यात जल्लूल गेला. सकाळी बूट चढवायला वाकला तो उठलाच नाही.

मार्चमध्ये पहिला जोराचा नैऋत्य वारा सुटला त्या दिवशी मन्नूबिया लोकर धूत होती. जवावरून खालून, फडफड आणि घसर, फडफड आणि घसर, असं काहीतरी पश्चिमेकडे सरकताना तिनं पाहिलं. मागोमाग आणखी. हात पुसायच्या आत तिनं पांघरूण उचलून डाव्या कोपऱ्यात टाकलंसुद्धा. मग ती कठड्याशीच उभी राहिली. डोंगर समोर होता तसाच होता. तिथं हे वाचणारा आता कोणी नव्हता.

तेवढ्यात बेया वर आली. काळ्या कपड्यांत, डोळे सुजलेले.

"मन्नूबिया, घरातलं रडं अजून आटलं नाही आणि तू लाल पांघरूण मिरवतेस गच्चीवर? गाव काय म्हणेल?"

"दमट झालं होतं गं."

"मग आत वाळव. वर्षभर काही रंगीत दिसता कामा नये या घरावर."

मन्नूबियानं पांघरूण घडी करून पेटीत ठेवलं. ती वाद घालू शकली असती. पण कशासाठी घालायचा?

त्या दिवशी बापाच्या जागेवर जल्लूलचा मुलगा अनीस डोंगरावर गेला होता. मोबाइल दुरुस्तीचं दुकान बंद ठेवून, बापाचं जाळं खांद्यावर टाकून. संध्याकाळी हात हलवत परत आला.

"मी खिंडीत बसलो. सी शेदली घळीत गेले, त्यांना मस्त मादी मिळाली. जाळं लावलं न लावलं तोच येऊन बसली म्हणे."

सी म्हणजे आमच्याकडचं 'राव', आणि शेदली म्हणजे गावातला सगळ्यांत जुना बाजदार, जल्लूलचा लंगोटीयार. मन्नूबिया मनात म्हणाली, नशीब एकेकाचं.

मग एप्रिल आला आणि पाखरांनी ताळच सोडला. घारींच्या झुंडी आल्या, समोरून वारा आला म्हणून समुद्रावरून परत फिरल्या, गावावर घिरट्या घालत राहिल्या. हुदहुद तिच्या घंगाळाच्या काठावर येऊन बसला. एका दुपारी मधुबाज इतके आले की सावल्या गच्चीवरून एकामागून एक सरकत गेल्या आणि ती लोकरीच्या ढिगाऱ्यात उताणी पडून बघत राहिली. इतकं सुंदर तिनं कधी पाहिलं नव्हतं, आणि तिला रडू आलं, कारण संध्याकाळ होणार होती आणि जिन्यावर पाऊल वाजणार नव्हतं. नुसतं बघितल्यानं तिचं पोट भरत नसे. बघितलेलं सांगून टाकलं की तिचा दिवस संपायचा. आता दिवस संपेनासे झाले.

एकदा तिनं स्वयंपाकघरात बेयाला सांगून पाहिलं. "आज वेडे राघू आले."

"कुठं?"

"वरून गेले."

"बरं. त्या वालाच्या शेंगा सोल जरा."

बेया वाईट नव्हती. तिचा नवरा गेला होता आणि पाखरं वरून जातात यात सांगण्यासारखं काय आहे हे तिला खरंच कळत नव्हतं.

डोंगरावर अनीसची दैना चालली होती. तो खिंडीत बसला की शिकरे घळीतून जायचे. एकट्या अनीसचीच नव्हे, सगळ्यांचीच बोंब होती त्या वर्षी, पण टोमणे त्याला. कॉफीच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, "बापाचं नाक बापाबरोबर पुरलं, पोराला नुसता शेंबूड दिला." अनीस घरी येऊन जेवलाच नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यानं जाळं माळ्यावर टाकलं.

मग जेवताना एकदा तो म्हणाला, "अम्मा, मी गवंड्याशी बोललो. गच्चीवर दोन खोल्या काढू. मी आणि सामिया लग्नानंतर वरच राहू."

उन्हाळ्याच्या शेवटी केलिबियाच्या सामियाशी त्याचं लग्न ठरलेलं होतं. बेयाचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला.

"आणि आत्या?" बेयानं विचारलं.

"आत्या खाली. स्वयंपाकघराशेजारची खोली. तिचे गुडघे दुखतात, जिना कशाला चढायचा रोज? अर्धी गच्ची राहतेच की लोकरीला."

मन्नूबियाचा घास हातात राहिला. "कुठली अर्धी?"

"डोंगराकडची. खोल्या दक्षिणेला. हिवाळ्यात ऊन येतं."

"दक्षिणेची बाजू मोकळी ठेवली तर नाही चालणार, अनीस?"

"का? काय आहे तिकडे?"

"बघते मी."

"काय बघतेस?"

"पाखरं."

अनीस हसला, तोही मायेनंच. "आत्या, पाखरं काय, अंगणातूनही दिसतात. वर बघितलं की झालं."

बेयाही हसली, तोंडावर पदर धरून, जल्लूल गेल्यापासून पहिल्यांदाच. मन्नूबियाच्या जिभेवर सगळं आलं होतं. तुझ्या बापाचं नाक म्हणजे ही दक्षिणेची बाजू होती. ती बुजवलीस तर आंधळा होशील, आणि तुझ्याबरोबर डोंगरावरचे सगळे. एवढं बोलली असती तर गच्ची वाचली असती. अनीसला शिकरेही मिळाले असते. पण मग कॉफीच्या दुकानात काय झालं असतं, तेही तिला दिसत होतं. जल्लूल बहिणीच्या पांघरुणावर जगला, इतकी वर्षं सोंग केलं. मातीत निजलेल्या भावाचं नाक आपल्या हातानं कापायचं? आणि बेयाकडे तेवढा एक अभिमानच तर उरला होता.

"बांध बाबा," ती म्हणाली. "गुडघे दुखतातच."

मे महिन्यात जवात लावे बोलू लागले आणि गच्चीवर थापी वाजू लागली. गवंडी घाई करणारा नव्हता. रोज दोन थर चढवायचा, मग शेजारच्या अंजिराखाली झोपायचा. मन्नूबिया खालच्या खोलीत झोपायला गेली होती, पण दिवसा वर येऊन भिंतीशी उभी राहायची. आधी ती कोपर टेकून बघायची. मग हनुवटी टेकून. मग विटांवर उभी राहून, तेव्हा गवंडी ओरडला, "लल्ला! अहो बाई, भिंत ओली आहे! पडाल आणि माझ्या गळ्यात याल!" उशिरा निघालेले काही मधुबाज अजून जात होते. शेवटी भिंतीवर जेवढं आभाळ उरलं होतं त्यातून अचानक एखादा यायचा आणि डोंगराआड जायचा. कुठून आला ते कळायचं नाही. कुठून आला तेच कळलं नाही तर ते बघणं कसलं?

जूनमध्ये शिकरे सोडायची वेळ झाली. आमच्याकडे बाजदार गेला की पहिल्या मोसमाच्या अखेरीला त्याचे सोबती त्याच्या घरावरून एक पाखरू सोडतात. उन्हं कलल्यावर सी शेदली मुठीवर मादी घेऊन आले, त्यांच्यामागे चार-पाच जुनी मंडळी. ती खाली अंगणात चहाला बसली. शेदलींनी जिना चढायला सुरुवात केली. ताडमाड उंच माणूस, सत्तरी ओलांडलेला. अनीस सोबत होता, आणि बेयानं मन्नूबियालाही वर पाठवलं, घरातलं रक्ताचं माणूस म्हणून.

वर पोचताच शेदली थबकले. दक्षिणेकडच्या भिंतीकडे बघत राहिले. भिंत त्यांच्या खांद्यापर्यंत आली होती, म्हणजे मन्नूबियाच्या डोक्यावर चार बोटं.

"हे काय केलंस रे?" ते म्हणाले.

"खोल्या, सी शेदली. लग्न आहे ना."

"हं. पाखराला पाणी आण बरं एका वाटीत."

"सोडायच्या आधी पाणी?"

"आण म्हटलं ना. आणि गार आण."

अनीस खाली गेला. शेदली मुठीवरच्या मादीच्या छातीवरून बोट फिरवत राहिले. मग मन्नूबियाकडे न बघता म्हणाले, "लल्ला मन्नूबिया, पांघरूण का नाही टाकलंत यंदा?"

मन्नूबियाला वाटलं आपल्याला ऐकू येण्यात काहीतरी गडबड झाली.

"कुठलं पांघरूण?"

"लाल. एकदाच टाकलंत. पहिल्या दिवशी, तुमच्या डाव्या कोपऱ्यात. मी घळीत पळालो आणि ही मिळाली. ही तुमचीच म्हणायची. नंतर एक दिवस नाही, दोन दिवस नाही. आम्ही सगळे खडकावर चढून गच्चीकडे माना ताणून बसायचो."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"कुणाला नव्हतं? एका वर्षी तुम्हाला ताप भरला होता. आठवडाभर जल्लूलचं नाक चोंदलं. तेव्हाच आम्ही काय ते समजलो." ते ओशाळं हसले. "तो खडकावर चढायच्या आधीच आम्हाला पांघरूण दिसलेलं असायचं. जाळी उचलून तयार असायचो. पण थांबायचो. त्याला वास येऊ द्यायचो. फार खुशीत असायचा हो वास घेताना."

खाली कुणीतरी हसलं, कपांचा आवाज झाला. मन्नूबियानं भिंतीला हात टेकला. भिंत अजून गार होती.

"मग मला कुणी विचारलं का नाही? सगळा वसंत गेला, सी शेदली. एक माणूस आलं असतं."

"कुठल्या तोंडानं येणार? तुम्हाला विचारायचं म्हणजे जल्लूल खोटा होता हे तुमच्या दारात येऊन म्हणायचं, तेही सुतकात. आम्हाला वाटलं, ज्याच्यासाठी टाकायची तो गेला, आता आमच्यासाठी का टाकावं हिनं? रागावली असेल. हक्क आहे तिचा."

"मला वाटलं, बघणारं कुणी उरलं नाही."

इतकी वर्षं डोंगरावरचा प्रत्येक माणूस तिच्या गच्चीकडे बघत होता, आणि या वसंतात तर वाट बघत होता, आणि ती त्या गर्दीच्या समोर एकटी बसून होती. तिला हसू आलं, आणि त्यापाठोपाठ भावाचा राग आला. जन्मात पहिल्यांदा आला. त्याला कधी कळलं नाही का? की कळलं होतं आणि वर येऊन घंगाळावर बसून तेवढं एकच सांगायचं टाळलं?

"मी अनीसला सांगतो," शेदली म्हणाले. "ही भिंत उतरवायला लावतो. आत्ता. चुना काही फार घट्ट झालेला नाही."

जिन्यावर अनीसची पावलं वाजली. मन्नूबियानं मान हलवली. "त्याच्या आईला काय सांगाल? नको. सोडा तिला आता."

अनीसनं वाटी पुढे केली. मादीनं पाण्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेदलींनी तिच्या पायातले चामड्याचे पट्टे कापले, अल्लाचं नाव घेतलं आणि मूठ वर झटकली. ती गच्चीवरून एक फेरी मारून, अनीसच्या डोक्यावरून, दक्षिणेकडच्या भिंतीवरून खाली उतरली आणि दिसेनाशी झाली.

मन्नूबिया टाचा उंच करून उभी राहिली. समोर विटा.

"कुठं गेली?" तिनं विचारलं.

शेदली भिंतीवर झुकले. एक हात डोळ्यांवर आडवा धरला. "जवावरून चाललीय. खालून. पंपाकडे वळली. निलगिरीवर बसली बहुतेक."

"मधल्या?"

"हो, मधल्या."

"बसणार नाही तिथं. पाकोळ्या बसू देणार नाहीत."

शेदली थोडा वेळ बघत राहिले. "उठली," ते म्हणाले. "खरंच उठली."

"मग?" मन्नूबियानं विचारलं.